कादंबरीतला जंतू आणि रजिस्टरातली नोंद

एक इंग्रजी थरारकादंबरी गेले दोन महिने आमच्या ओळखीच्या माणसांत हातोहात फिरते आहे. रिचर्ड प्रेस्टन यांची ‘द कोब्रा इव्हेंट’, साल १९९७. मित्राची मुलगी पुण्याला मायक्रोबायॉलॉजी शिकते, तिने ती आणली. तिच्याकडून ती एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेली, तिथून एका वकील मित्राकडे आणि मग औषधाच्या दुकानात. ज्याने त्याने वाचली आणि मत सांगायला माझ्याकडे आला. पुस्तकात डॉक्टर आहे, जंतू आहे; तेव्हा मत ऐकून घेणं हे सरकारी डॉक्टरचंच काम, असा हिशेब असावा.

गोष्ट थोडक्यात अशी. न्यूयॉर्कमधली सतरा वर्षांची एक मुलगी सर्दी अंगावर काढून शाळेत जाते. वर्गातच तिला झटके येतात, ती स्वतःलाच चावू लागते आणि मरते. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रातून एक तरुण डॉक्टरीण तपासाला येते. शवविच्छेदन, मग दुसरा मृत्यू, मग तिसरा. कळतं असं, की एका माणसाने प्रयोगशाळेत विषाणू बनवला आहे. पतंगांच्या अळ्यांना होणारा विषाणू, सर्दीचा विषाणू आणि देवीचा विषाणू यांची ती सरमिसळ आहे. पृथ्वीवर माणसं फार झाली, ती कमी करायला हवीत, हे त्याचं म्हणणं. शेवट सांगत नाही. दुकानदाराकडे अजून दोघं नंबर लावून बसले आहेत.

दुकानदाराचं मत एका वाक्याचं आहे : दोन रात्री झोप नाही. मुख्याध्यापकांचं मत त्यांच्या शेऱ्यासारखं. सुरुवात उत्तम, शेवट बरा; पण मध्ये ती डॉक्टरीणबाई मेलेल्यांच्या घरी जाऊन ‘काल काय खाल्लं, कुठे गेली, कुणाला भेटली’ विचारत बसते आणि वहीत लिहीत बसते, तिथे पुस्तक रेंगाळतं. ती पानं काढली असती तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. मुलीचा आक्षेप वेगळा. “काका, असं एका घरात बसून कुणी जंतू बनवू शकत नाही. आमच्या लॅबमध्ये साधे जंतू सांगितल्यासारखे वाढत नाहीत.” आणि वकिलांचा आक्षेप वकिली. गुन्हा पटतो, हेतू पटत नाही. “माणसं कमी करायची म्हणून कोण खून करते हो? आमच्याकडे खून होते तो बांधावरून, वाटणीवरून. बाकी सगळं सिनेमातलं.”

या चारही मतांत दम आहे, म्हणून ती इथे मांडतो आहे. शिवाय याच कादंबरीचे एक वाचक फार मोठे होते. १९९८ साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ती वाचली आणि आपल्या अधिकाऱ्यांना विचारलं, की हे शक्य आहे का? मग शास्त्रज्ञांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून चर्चा झाली आणि जैविक हल्ल्याच्या तयारीवर अमेरिकेचा खर्च वाढला. यामागे एकटी कादंबरी नव्हती. टोकियोच्या भुयारी रेल्वेत १९९५ मध्ये एका पंथाने विषारी वायू सोडला होता, ती आठवण ताजी होती. तरीही एका वाचकाला पडलेल्या प्रश्नाचा एवढा परिणाम क्वचितच झाला असेल.

आपल्याकडे अशा पुस्तकांचा परिणाम दुसऱ्या वाटेने झाला. २०२० च्या फेब्रुवारीत डीन कूंट्झ यांच्या ‘द आइज ऑफ डार्कनेस’ या कादंबरीच्या पानाचा फोटो बहुतेकांच्या मोबाइलवर आला असेल. त्यात ‘वुहान-४००’ नावाचं जैविक अस्त्र आहे, आणि ‘पाहा, चाळीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं’ असा मजकूर त्या फोटोखाली फिरत होता. १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत त्या अस्त्राचं नाव ‘गोर्की-४००’ होतं, म्हणजे रशियन शहराचं. वुहान पुढच्या आवृत्तीत आलं. शिवाय कादंबरीतला तो रोग झालेला प्रत्येक माणूस एका दिवसात मरतो. कोविडचं तसं काहीच नव्हतं. पण हे सांगितलेलं किती जणांनी पुढे पाठवलं, ते ज्याने त्याने आठवावं.

आता वकिलांच्या आक्षेपाकडे येतो, कारण त्याचं उत्तर कादंबरीत नाही, कलकत्त्याच्या न्यायालयाच्या निकालात आहे. आणि त्या गुन्ह्याचा अर्धा भाग आपल्या मुंबईत घडला.

आज झारखंडमध्ये असलेल्या पाकुडचं जमीनदार घराणं, आडनाव पांडे. वडील वारल्यावर मोठी इस्टेट दोन सावत्र भावांत आली : थोरला बिनयेंद्र आणि त्याच्याहून दहा वर्षांनी धाकटा अमरेंद्र. भांडण वाटणीचंच, अगदी आमच्या वकिलांना हवं तसं. २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्टेशनच्या गर्दीत खादी घातलेला एक ठेंगणा माणूस अमरेंद्रला घासून गेला आणि त्याच्या उजव्या दंडात काहीतरी टोचलं. “मला कुणीतरी टोचलं,” असं तो लगेच म्हणाला. सोबतचे नातेवाईक म्हणत होते, थांबू या, रक्त तपासून घेऊ. न बोलावता स्टेशनवर हजर झालेल्या थोरल्या भावाने ते हसण्यावारी नेलं आणि त्याला गाडीत बसवून दिलं.

तीन दिवसांनी अमरेंद्र ताप घेऊन कलकत्त्याला परतला. डॉक्टरांना दंडावर सुईच्या खुणेसारखं काही दिसलं. ताप चढत गेला, काखेत गाठी आल्या, मग छातीची लक्षणं. ४ डिसेंबरला पहाटे तो गेला. मृत्यूचं कारण न्यूमोनिया असं लिहिलं गेलं. मात्र आजारपणात कुणा डॉक्टरने त्याचं रक्त जंतुतपासणीसाठी पाठवलेलं होतं. त्याचा अहवाल मृत्यूनंतर आला : प्लेगचे जंतू. कलकत्त्यात त्याआधीची तीन वर्षं प्लेगचा एकही रुग्ण नव्हता.

इथे थोडं वैद्यकीय. प्लेगचा जंतू पिसवेच्या चाव्यातून शरीरात शिरला की जवळच्या लसिकाग्रंथीत जातो आणि तिथे दुखरी गाठ येते. पाय चावला तर जांघेत, हात चावला तर काखेत. तिथून तो रक्तात उतरला की फुप्फुसं गाठतो. सुईने दंडात टोचलेला जंतूही याच वाटेने जातो. त्यामुळे काखेतली गाठ, दंडावरची खूण आणि रक्तातला जंतू या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. वेगवेगळ्या ठेवल्या तर न्यूमोनिया. १९३३ साली प्रतिजैविकं नव्हती. निदान वेळेत झालं असतं तरी तो वाचला असता असं नाही. आज डॉक्सिसायक्लिन, जेंटामायसिन यांसारखी औषधं साध्या दवाखान्यातही असतात आणि ती लवकर सुरू झाली तर बहुतेक रुग्ण वाचतात.

पोलिसांनी मग उलटा माग काढला. प्लेगचे जिवंत जंतू तेव्हा आणायचे कुठून? परळच्या हाफकिन संस्थेतून. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगात लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्या नावाची ही संस्था. बिनयेंद्रचा मित्र डॉ. तारानाथ भट्टाचार्य याने १९३२ च्या मे महिन्यातच तिथे पत्र पाठवून जंतूंचं कल्चर, म्हणजे नळीत वाढवलेले जिवंत जंतू, मागितले होते. संचालकांनी कळवलं, बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा. परवानगी मिळण्यासारखी नव्हतीच. मग त्याने कलकत्त्याच्या एका डॉक्टरला गाठलं : मला प्लेगवर औषध सापडलंय, ते पडताळून पाहायचंय. त्या डॉक्टरने हाफकिनमधून कल्चर मागवलं, भट्टाचार्यला प्रयोगशाळेत येऊ दिलं, पण कल्चरला हात लावू दिला नाही. आणि जंतू वाढलेच नाहीत, काम थांबलं. (मायक्रोबायॉलॉजीच्या विद्यार्थिनीने इथे मान डोलवायला हरकत नाही.)

१९३३ च्या उन्हाळ्यात दोघेही मुंबईत आले. हाफकिनशी संबंधित दोन पशुवैद्यांना पैशांचं आमिष दाखवून पाहिलं, जमलं नाही. बिनयेंद्रने बाजारातून उंदीर विकत घेतले, म्हणजे आपण खरोखर संशोधन करतोय असं दिसावं. शेवटी त्यांनी आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयाचं दार ठोठावलं. आज ते कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखलं जातं; मुंबईत कोविडचे सुरुवातीचे नमुने तिथेच तपासले गेले. तिथे जंतू होते, आणि तिथे भट्टाचार्यला प्रयोगशाळेत काम करू देण्यात आलं. पाचेक दिवसांत, १२ जुलैच्या संध्याकाळी त्याने एकाएकी काम आवरलं आणि दोघे कलकत्त्याला निघून गेले.

फेब्रुवारी १९३४ मध्ये दोघांना अटक झाली. त्यांना अडकवलं कशाने, तर प्रवासाच्या कागदांनी, मुंबईतल्या हॉटेलच्या बिलांनी, हॉटेलच्या रजिस्टरात बिनयेंद्रने स्वतःच्या हाताने केलेल्या नोंदींनी, प्रयोगशाळेला पाठवलेल्या निरोपांनी आणि उंदीर विकणाऱ्या दुकानदाराच्या पावत्यांनी. बचावाने सांगितलं, उंदराची पिसू चावली असेल. न्यायालयाने ते मानलं नाही. दोघांना फाशी सुनावली गेली. जानेवारी १९३६ मध्ये उच्च न्यायालयाने तिचं रूपांतर जन्मठेपेत केलं. आणखी दोन डॉक्टरांवर आरोप होता, ते पुराव्याअभावी सुटले.

या खटल्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मे १९३२ मध्ये एका कार्यालयाने ‘वरिष्ठांचं पत्र आणा’ असं म्हटलं आणि मारेकऱ्यांचं वर्षाहून अधिक काळ काही चाललं नाही. सरकारी कागदाला आपण सगळेच नावं ठेवतो, मीही दिवसातून दोनदा ठेवतो. पण त्या एका कागदाने अमरेंद्रला दीड वर्षाचं आयुष्य दिलं. आणि जिथे कागदाऐवजी शब्दावर भागलं, तिथून जंतू बाहेर पडला. आमच्या वकिलांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “म्हणजे हेतू वाटणीचाच निघाला ना!” वकील हरत नसतात.

आता मुख्याध्यापकांच्या रेंगाळणाऱ्या पानांबद्दल. मला ती पानं पुस्तकातली सर्वांत खरी वाटली. जैविक हल्ला बाँबसारखा नसतो. आवाज होत नाही, धूर दिसत नाही. तो साध्या आजारासारखाच दवाखान्यात येतो, एकेक करून, वेगवेगळ्या डॉक्टरांकडे. तो ओळखू येतो तो फक्त मोजणाऱ्याला.

याचा दाखला आपल्या ओळखीच्या माणसांचा आहे. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून रजनीशांचा आश्रम १९८१ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात गेला. १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या द डॅलेस या गावात ७५१ लोकांना जुलाब, ताप, पोटदुखी झाली. दहा हॉटेलांमधल्या उघड्या मांडलेल्या कोशिंबिरींतून साल्मोनेला जंतू पोटात गेले होते. आश्रमातल्या काही मंडळींनीच ते टाकले होते. नोव्हेंबरच्या स्थानिक निवडणुकीत गावकऱ्यांना मतदानाला जाता येऊ नये, म्हणून ही रंगीत तालीम. जंतू कुठून आणले? वैद्यकीय साहित्य पुरवणाऱ्या कंपनीकडून, रीतसर मागवून. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

तपासाला आलेल्या साथरोगतज्ज्ञांनी कोण, कुठे, काय खाल्लं हे सगळं बारकाईने लिहिलं, पण निष्कर्ष काढला की हॉटेलच्या नोकरांच्या अस्वच्छ हातांमुळे हे झालं. मुद्दाम कुणी असं करेल, हे त्यांच्या मनात टिकलं नाही. वर्षभराने, सप्टेंबर १९८५ मध्ये, खुद्द रजनीशांनीच आपल्या सचिव शीला आणि तिच्या साथीदारांवर आरोप केला, तेव्हा आश्रमाच्या प्रयोगशाळेची झडती झाली आणि तिथे सापडलेला जंतू रुग्णांच्या जंतूशी जुळला. जुळवता आला, कारण रुग्णांचे नमुने जपून ठेवलेले होते.

उघड्यावरचं अन्न आणि गावभर जुलाब म्हटलं की आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. २०२४ च्या फेब्रुवारीत लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीच्या भगर-आमटीने शेकडो लोक आजारी पडले. खाटा पुरल्या नाहीत. दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवलेले फोटो देशभर गेले. तिथे कुणी काही टाकलेलं नव्हतं. भगरीत बुरशी वाढते, तिचं विष शिजवूनही पूर्ण जात नाही, आणि एकादशीला, महाशिवरात्रीला, नवरात्रात हे प्रकार महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा होतात. सांगायचं एवढंच, की पहिल्या तासाला द डॅलेस आणि सोमठाणा सारखेच दिसतात. खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला कारण कळत नाही. उरलेली भगर कुणी फेकून न देता पिशवीत बांधून ठेवली, कुणी काय खाल्लं आणि किती वाजता खाल्लं हे लिहून घेतलं, तर दोन दिवसांनी कळतं.

त्याहूनही जवळचं उदाहरण शेगाव तालुक्याचं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस झडू लागले. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की केसांचा पुंजका हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोरं, म्हातारे, सगळेच. त्या दिवसांत आमच्या बाह्यरुग्ण विभागात जे कानावर येत होतं, ते कुठल्याही कादंबरीकाराने लिहून घ्यावं असं होतं. कुणी म्हणे नवा व्हायरस आलाय. कुणी म्हणे पाण्यात कुणीतरी औषध टाकलं. एक आजोबा केस शाबूत असूनही टोपी काढायला तयार नव्हते. यातला गमतीचा भाग इथेच संपतो, कारण त्या गावांतल्या माणसांजवळ बसायला लोक कचरत होते, मुलींच्या लग्नाची बोलणी थांबत होती. संसर्ग नसलेल्या आजाराने संसर्गाची शिक्षा दिली.

उत्तर मिळालं ते रेंगाळणाऱ्या पानांसारख्याच कामातून. घरोघर यादी, पाण्याचे नमुने, त्वचेचे नमुने, रक्त. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले, पण त्याने असे केस जात नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं येऊन गेली. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी सगळ्यांना माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासून घेतला, आणि सेलेनियम हे मूलद्रव्य कित्येक पटींनी जास्त व जस्त कमी असल्याचं मांडलं. त्यांच्या मते ते रेशनच्या गव्हातून आलं. सेलेनियम शरीराला अगदी किंचित लागतं. जास्त झालं की केस आणि नखं जातात. पुढे काही जणांची नखंही गेली. यात खलनायक नाही, कट नाही. आहे तो लांबून आलेला गहू आणि तो खाणारी गावं.

मुख्याध्यापकांना मी विचारलं, “सर, बोंडगावची ही यादी करणारी आशाताई पुस्तकात असती तर ती पानं काढली असती का?” ते म्हणाले, “तिला बोलायला लावलं असतं, तर ठेवली असती.” मास्तरकी म्हणतात ती हीच.

मुलीचा आक्षेप राहिला, आणि तो बहुतांशी बरोबर आहे. जंतू मिळवणं, वाढवणं, जिवंत ठेवणं आणि माणसांपर्यंत पोहोचवणं या चार पायऱ्यांवर बहुतेक दुष्ट बेत घसरतात. टोकियोत वायू सोडणाऱ्या त्या ओम शिनरिक्यो पंथाने आधी अँथ्रॅक्सचे जंतू हवेत फवारले होते, १९९३ मध्ये. पंथाकडे पैसा होता, शिकलेली माणसं होती. एकही माणूस आजारी पडला नाही, कारण त्यांच्याजवळचा वाण जनावरांच्या लशीचा, निरुपद्रवी होता. पण तिला मी एवढंच म्हटलं, की अमेरिकेत २००१ मध्ये पत्रांतून अँथ्रॅक्स पाठवला गेला तेव्हा पाच माणसं मेली, आणि तिथल्या तपासयंत्रणेचा संशय शेवटी स्थिरावला तो घरात बसलेल्या वेड्यावर नाही, सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञावर. खटला चालायच्या आधीच त्याने आत्महत्या केली. त्यामुळे प्रयोगशाळेतला फ्रीज कोण उघडतो, याची वही तिने तिच्या कॉलेजात नीट भरावी.

वही आमच्याकडेही असते. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून देशात आहे. त्यात तीन नमुने : ‘एस’ आरोग्यसेविका भरते, नुसत्या लक्षणांवरून, ‘पी’ डॉक्टर भरतो, निदानाच्या अंदाजावरून, ‘एल’ प्रयोगशाळा भरते, खात्री झाल्यावर. पूर्वी हे कागदावर आठवड्याला जायचं, आता पोर्टलवर भरतात. एका गावात एकाच आठवड्यात तापाचे किंवा जुलाबाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त दिसले, की कुणीतरी फोन उचलून विचारायचं असतं. हे काम कुणाला आवडत नाही. आरोग्यसेविकेला लसीकरण असतं, डॉक्टरच्या दारात रांग असते, आणि खासगी दवाखान्यातले पुष्कळ रुग्ण या आकड्यांत येतच नाहीत.

रुग्णांकडूनही एक मागणं आहे. घरात दोघा-तिघांना एकदम सारखाच त्रास झाला, किंवा गावात पटापट एकसारखे आजारी पडले, तर डॉक्टरला ते आपणहून सांगा. बहुतेक जण फक्त स्वतःचं दुखणं सांगतात. ‘आमच्या गल्लीत आणखी चौघांना आहे’ हे वाक्य औषधाची चिठ्ठी हातात घेऊन दाराबाहेर पडताना कानावर येतं, तेही शिपायाशी बोलताना. शौचाचा, उलटीचा, रक्ताचा नमुना मागितला तर कंटाळू नका. अमरेंद्रचं रक्त कुणी घेतलंच नसतं, तर तो आजही न्यूमोनियाचा एक मृत्यू म्हणून नोंदला गेला असता.

हावडा स्टेशनवर सुई टोचणारा तो खादीतला माणूस मात्र कधीच सापडला नाही. औषध दुकानदाराला हे कळल्यावर तो नाराज झाला. पुस्तकात असं चालत नाही, म्हणाला.